लांबचा नेम: इंदुरात राहून रायफल निवडायची कशी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या रामबागेतल्या घरी कुणाचा ना कुणाचा भाचा येतोच. मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवतो. अमेरिकेतल्या कुठल्याशा माळावर एक माणूस पालथा पडलेला, समोर हजार मीटरवर लोखंडी थाळी. गोळी सुटते आणि चांगल्या चार-साडेचार सेकंदांनी ‘टण्ण’ ऐकू येतं. मग ठरलेला प्रश्न येतो, "काका, अशी मारायला कोणती रायफल घेऊ?"

मी विचारतो, "मारणार कुठे?"

इथे बहुतेक भाचे गप्प होतात. एकाने मात्र "सिमरोळच्या पुढे मामाचं शेत आहे" असं बेधडक सांगितलं होतं. त्याला आधी चहा पाजला आणि मग जे ऐकवलं, तेच इथे लिहितो आहे.

पहिली पायरी: अंतर नाही, कोन बघा

लांबच्या नेमबाजीत अंतर हा दिसायला मोठा आकडा असतो, पण खेळ सगळा कोनाचा आहे. नळीचं तोंड केसभर हललं, तर ती चूक अंतराबरोबर रुंदावत जाते. नेमबाज ती मिनिटात (घड्याळाचं नव्हे, कोनाचं मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग) किंवा मिलिरेडियनमध्ये मोजतात. एक मिनिट म्हणजे 100 मीटरवर सुमारे 2.9 सेंटिमीटर आणि 1000 मीटरवर 29 सेंटिमीटर. एक मिलिरेडियन (‘मिल’) म्हणजे 100 मीटरवर 10 सेंटिमीटर आणि 1000 मीटरवर एक मीटर. दुर्बिणीची चक्री ‘0.1 मिल’ची असेल तर एका टिचकीने 100 मीटरवर गोळी एक सेंटिमीटर सरकते. एवढं गणित पुरे.

आता हेच गणित 10 मीटरच्या एअर रायफलला लावून बघा. तिथल्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त 0.5 मिलिमीटरचा असतो. छऱ्याची कड त्याला शिवली तरी दहा मिळतात. छर्रा 4.5 मिलिमीटरचा, म्हणजे त्याचा मध्य 5 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात राहिला पाहिजे. हाच कोन 1000 मीटरपर्यंत लांबवला की होते अर्ध्या मीटरची थाळी. व्हिडिओतली जवळजवळ तीच! आणि व्हिडिओतला माणूस पालथा पडून, पुढे दोन पायांचा टेकू लावून मारतो. 10 मीटरवाला उभा राहून, कशाचाही आधार न घेता, तेही साठ वेळा.

50 मीटरच्या .22 (5.6 मिलिमीटर बोअरच्या) रायफलचा हिशेब आणखी कडक आहे. तिथला दहा 10.4 मिलिमीटरचा. त्यात गोळीची जाडी मिळवली की कोन असा निघतो, की 1000 मीटरवर जेमतेम 32 सेंटिमीटरची ताटली मिळेल. म्हणून ज्याला लांब मारायचं आहे त्याने जवळून सुरुवात करायची, हा सल्ला गरिबाची समजूत काढण्यासाठी दिलेला नाही.

दुसरी पायरी: कायद्यात काय बसतं ते आधी बघा

रायफल आवडली आणि मग कायदा तपासला, असा उलटा क्रम फार लोक लावतात.

एअर रायफलचं सोपं आहे. नळीचा व्यास 4.5 मिलिमीटरपर्यंत (दुकानात ‘.177’ म्हणतात) आणि ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दुकानदार मागेल, तो द्या, आणि पक्कं बिल जपून ठेवा. स्पर्धेची एअर रायफल साडेसात-आठ ज्यूलच्या आसपासच असते, तेव्हा ती या मर्यादेच्या खूपच आत येते. "जास्त पॉवर पाहिजे" म्हणून .22 बोअरची एअरगन घेऊ नका. तिला परवाना लागतो आणि 10 मीटरच्या सामन्यात ती चालत नाही.

काडतुसाची रायफल म्हटली की 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम आले. वय 21 पूर्ण पाहिजे, पोलीस पडताळणी होते, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. .303 आणि 7.62 ही लष्करी बोअरं नागरिकांसाठी प्रतिबंधित आहेत. उरतं काय, तर .22, .315 वगैरे. .315 ची आपली देशी रायफल माळव्यात पुष्कळ घरांत पिढीजात टांगलेली असते. तिची गोळी जड, बोथट आणि मंद. लग्नाच्या वरातीत तिने काय काय केलं त्याच्या बातम्या आपण वाचतोच. लांबच्या नेमासाठी ती बनलेलीच नाही.

शिकारीचं नाव काढू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषय संपवला. आणि मामाच्या शेताबद्दल एवढंच: साधी .22 ची गोळीही मोकळी सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. सोयाबीनच्या शेतामागे कुणाचं घर आहे, कोण म्हैस चारतं आहे, हे नळीला कळत नाही. रेंजवर गोळी अडवायला मातीचा बंधारा असतो, म्हणून तर रेंज लागते.

तिसरी पायरी: सहा महिने काहीही विकत घेऊ नका

हे वाचून कुणाचा हिरमोड झाला तरी हरकत नाही. क्लबात किंवा अकादमीत नाव घाला आणि तिथल्या रायफलवर शिका. इंदूरच्या माणसाला नेमबाजीचं वातावरण शोधायला लांब जावं लागत नाही. वीस-बावीस किलोमीटरवर महूला इन्फन्ट्री स्कूल आणि सैन्याचं मार्क्समनशिप युनिट आहे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 25 मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य मिळवणारा विजय कुमार तिथेच घडला. शहराच्या कडेला सीमा सुरक्षा दलाची रेवती रेंज आहे. 2024 च्या जुलैत एका दिवसात अकरा लाखांवर झाडं लावल्यापासून लोक तिला झाडांमुळे ओळखतात, पण नावातली ‘रेंज’ गोळीबाराचीच. या दोन्ही जागा जवानांसाठी आहेत, आपण तिथे रायफल खांद्याला लावून जाऊ शकत नाही. नागरिकांसाठी राज्याची नेमबाजी अकादमी भोपाळला आहे, आणि शहरात 10 मीटरच्या खासगी रेंज आहेत. कॉलेजात असाल तर एनसीसी घ्या. .22 रायफल, पालथं पडून पाच गोळ्या आणि त्यानंतर उस्तादांनी ग्रुपिंगवर, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या यावर, केलेली टिप्पणी, हे शिक्षण पैसे देऊन मिळत नाही.

खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर भोपाळच्या अकादमीत तयार झाला. हांगझोऊच्या आशियाई खेळांत 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) सांघिक सुवर्ण त्याने मिळवलं, तेव्हा संघात अखिल शेरॉन आणि आपल्या कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे होते. त्याच प्रकारात स्वप्निलने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये ऑलिंपिक कांस्य घेतलं. 

या सहा महिन्यांत एक गोष्ट नक्की तपासा: तुमचा प्रधान डोळा कोणता. दोन्ही हात पुढे लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटी त्रिकोणी फट करा, फटीतून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते, तो प्रधान. उजव्या हाताच्या बऱ्याच लोकांचा प्रधान डोळा डावा निघतो. अशांनी डावखुरी रायफल घ्यायची की डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावून उजवीच वापरायची, हे प्रशिक्षकासोबत ठरवावं. पैसे भरल्यावर हा शोध लागला तर फार महागात पडतो.

चौथी पायरी: रायफल अंगाला बसते का

इथे मी जरा रेंगाळणार आहे. जर्मन रायफल घेतली की गुण वाढतात, या समजापायी आईवडिलांनी एफडी मोडलेल्या मी पाहिल्या आहेत. वाल्थरची एलजी 400, फाइनवेर्कबाउची 800, आन्शुट्झची 9015 या सगळ्या उत्तम आहेत, आणि त्यांच्यात नळीच्या अचूकपणाचा फरक नवशिक्याच्या हाती येणारच नाही. फरक पडतो तो दस्त्याच्या, म्हणजे खांद्या-गालाला लागणाऱ्या सांगाड्याच्या, मापाने.

उभं राहून रायफल लावा. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलं पाहिजे, बट (दस्त्याचं मागचं टोक) खांद्याच्या खोलगट भागात बसली पाहिजे आणि मान सरळ राहिली पाहिजे. डोकं पुढे झुकवून किंवा तिरकं करून डायऑप्टरच्या, म्हणजे मागच्या साइटच्या, भोकापर्यंत न्यावं लागत असेल, तर चीकपीस (गाल टेकायचा भाग) वर घ्या. तरीही जमलं नाही तर साइट उंच करणारे ठोकळे लावा. आता डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. समोर टार्गेट पुढच्या साइटच्या रिंगेत असेल तर रायफल तुमची. ते डावीकडे किंवा खाली पळालं असेल तर आधी पाय सरकवून बघा. पाय सरकवूनही सुटत नसेल, तर दस्ता तुमच्या मापाचा नाही. माप जुळत नसताना हाताने ओढून नेम धरणारा विसाव्या गोळीनंतर थकतो, आणि सामना साठ गोळ्यांचा असतो.

वजनाची मर्यादा 5.5 किलो आहे म्हणून तेवढीच घ्यायची असं नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला चार किलोच्या आसपासची बरी. पुढे वजनाच्या चकत्या लावून वाढवता येते. नळीकडून जड रायफल स्थिर वाटते खरी, पण दुसऱ्या महिन्यात कंबर बोलायला लागते. ट्रिगर दोन टप्प्यांचा हवा: पहिला टप्पा सैल, दुसऱ्यावर स्पष्ट अडखळ. एअर रायफलच्या ट्रिगरला किमान वजनाची अट नाही, त्यामुळे काही दुकानदार तो इतका हलका करून दाखवतात की बोट टेकताच सुटतो. सुरुवातीला शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवा. सुटलेल्या गोळीपेक्षा सोडलेली गोळी शिकवते.

पुढच्या साइटमधल्या रिंगेबद्दल एक सांगतो. लहान रिंग लावली की नेम बारीक होईल असं सगळ्यांनाच वाटतं. होतं उलटंच. काळ्या गोलाभोवती पांढरी कडा पुरेशी दिसली नाही की डोळा ती शोधत राहतो आणि रायफल थरथरते. मोठी रिंग लावा.

बजेट कमी असेल तर लाजायचं कारण नाही. आपल्याकडे ‘ओपन साइट’ (मागे भोकाऐवजी उघडी खाच) एअर रायफलचा वेगळा प्रकार खेळवला जातो, तिथे देशी रायफलवर पुष्कळ मुलं सुरुवात करतात. पुढे ‘पीप साइट’ला, म्हणजे भोकातून बघायच्या साइटला, जा. फक्त स्प्रिंगची आणि हवेच्या सिलिंडरची यातला फरक जाणून घ्या. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नळीत असतानाच पिस्टनचा दणका बसतो, त्यामुळे पकड जरा बदलली की फटका जागा बदलतो. गणपतीच्या जत्रेतल्या फुगेवाल्याकडे आपला नेम का चुकायचा, त्याचं निम्मं कारण हे. उरलेलं निम्मं फुगेवाल्यालाच माहीत.

पाचवी पायरी: जुनी घेत असाल तर

चांगली परदेशी रायफल नवी दोन लाखांच्या पुढे जाते, म्हणून वापरलेली घेण्यात शहाणपण आहे. मीही घेतली होती. दस्ता चकाचक, नळी स्वच्छ, सोबत पेटी फुकट. घरी आल्यावर एका जाणत्याने हवेचं सिलिंडर फिरवून त्यावरची तारीख दाखवली. युरोपातले कारखाने सिलिंडरला बनवल्यापासून दहा वर्षांचं आयुष्य देतात, आणि माझं नऊ वर्षं आठ महिन्यांचं होतं. नव्या सिलिंडरचे पैसे घालून हिशेब केला, तर ‘स्वस्त’ रायफल नव्या देशी रायफलहून महाग पडली. विकणाऱ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "तारीख तर लिहिलेलीच आहे ना भिया." ते खरंच होतं.

तेव्हा आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. मग 200 बारपर्यंत भरून एक रात्र ठेवा. सकाळी काटा उतरलेला असेल तर सील गळतं आहे. सामन्यात सिलिंडरची मुदत तपासली जाऊ शकते, आणि मुदत संपलेलं सिलिंडर चालत नाही. जीवाचाही प्रश्न आहे, 200 बार म्हणजे गाडीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट दाब.

सहावी पायरी: छर्रा निवडणं हाही रायफल निवडण्याचाच भाग

प्रत्येक नळीला आपला छर्रा आवडतो. आरडब्ल्यूएस आर 10, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी हे सगळे चांगलेच, पण 4.49 आणि 4.50 अशा डोक्याच्या मापांत येतात, आणि एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. रायफल शिकंज्यात घट्ट बसवून प्रत्येक प्रकाराचे दहा-दहा छर्रे एकाच जागी मारा. जो छर्रा एकच गोल, नीट भोक पाडेल त्याच लॉटचे डबे जास्त घेऊन ठेवा. हातात धरून केलेली चाचणी तुमची परीक्षा घेते, छऱ्याची नाही.

सातवी पायरी: 50 मीटर, म्हणजे वाऱ्याशी ओळख

10 मीटरवर गुण स्थिर झाले की .22 कडे वळा. इथे मात्र परवाना, संघटनेचं सदस्यत्व आणि स्पर्धेतली कामगिरी हे सगळं एकत्र येतं. जिल्हा, राज्य, मग मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय अशी साधारण चढण आहे. ज्यांच्या नावाने ही स्पर्धा आहे ते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर बडोद्यात जन्मलेले. 1951 साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी करण्यात त्यांचाच पुढाकार होता. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला हे उगाचच बरं वाटतं.

.22 मध्ये आन्शुट्झ, वाल्थर, ब्लायकर अशी नावं ऐकाल. वजनाची मर्यादा 8 किलो. पण नवशिक्याने पैसे काडतुसांवर घालावेत. सामन्याची .22 काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा मंद ठेवतात, सेकंदाला सुमारे 320–330 मीटर, कारण आवाजाची भिंत वरून खाली ओलांडताना गोळी डगमगते. 50 मीटर जाईपर्यंत ती जवळपास 12 सेंटिमीटर खाली येते, तुलनेला 10 मीटरवरचा छर्रा पावणेदोन सेंटिमीटर. ही घसरण नेहमी सारखीच, म्हणून साइट एकदा लावली की ती विसरता येते. वारा विसरता येत नाही. ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा .22 च्या गोळीला सेंटिमीटरभर ढकलतो, म्हणजे दहाच्या वर्तुळाबाहेर. शब-ए-माळवा म्हणून आपण ज्या संध्याकाळच्या झुळकीचं कौतुक करतो ती रेंजवरच्या वारा दाखवणाऱ्या झेंड्यांकडे बघत एकदा 50 मीटरवर अनुभवा, कौतुक कमी होईल. मे महिन्यात दुपारी जमिनीवरून उठणाऱ्या उष्ण हवेने टार्गेट पाण्यात असल्यासारखं हलतं. तेव्हा मारायचं थांबावं, हेही शिकण्यासारखं आहे.

आणि ती हजार मीटरची?

ज्यांच्या मनातून ती जात नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 300 मीटरचा प्रकार जागतिक स्पर्धांत आहे, ऑलिंपिकमधून 1972 नंतर गेला. आपल्याकडे तो मुख्यतः सैन्य आणि अर्धसैनिक दलांचे नेमबाज खेळतात. परदेशात असाल आणि तिथल्या क्लबात जायला मिळालं, तर रायफल निवडताना हा क्रम लक्षात ठेवा: आधी काडतूस, मग नळी, मग दुर्बीण, दस्ता शेवटी. .308 काडतुसाची गोळी 1000 मीटरपर्यंत बारा-चौदा मीटर खाली येते, दणका मध्यम, नळी पाच हजारांच्या आसपास गोळ्या टिकते. 2007 साली आलेलं 6.5 क्रीडमूर त्याहून कमी घसरतं, वाऱ्यात कमी वाहतं, पण नळी लवकर झिजवते. शिकणाऱ्याने .308 वर वारा शिकावा असं माझं मत आहे, कारण ते चूक लपवत नाही. नळीतल्या आट्यांचा पीळ गोळीच्या वजनाला जुळला पाहिजे. लांब गोळीला घट्ट पीळ, 6.5 ला साधारण आठ इंचात एक फेरा. रायफलइतकेच पैसे दुर्बिणीला ठेवा. आणि दुर्बिणीखालची पट्टी पुढे 20 मिनिटांनी झुकलेली घ्या, नाहीतर 1000 मीटरपर्यंत बऱ्याचदा चक्री पुरत नाही.

घरी आणल्यावर

रायफल आणि छर्रे वेगळ्या कुलपात ठेवा, मुलांना किल्लीची जागा माहीत नको. पावसाळ्यात हातपंपाने सिलिंडर भरत असाल तर पंपाची ओल शोषणारी नळकांडी बदलत राहा, नाहीतर आतलं दाब सांभाळणारं रेग्युलेटर गंजतं. विमानाने जाताना सिलिंडर रिकामं करून काढून ठेवावं लागतं. आणि मे महिन्यात भरलेलं सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, सराफ्यात कचोरी खायला दहा मिनिटं थांबलात तरीही. .22 घेतलीत, तर निवडणुकीची आचारसंहिता लागताच शस्त्र ठाण्यात जमा करण्याचा निरोप येईल. खेळाडूंना त्यातून सूट असते, पण ती मागायची असते. संघटनेचं पत्र, सामन्यांची प्रमाणपत्रं आणि परवान्याची प्रत एका फाइलीत घालून ती रायफलच्या पेटीतच ठेवा.